कोण आलं नाही, हे न मोजता कळावं

चर्चच्या तरुण संघाला दर आठवड्याला चाळीस मुलं येतात. त्यातली एक मुलगी सलग तीन आठवडे आलीच नाही. कुणाच्या लक्षात येईल? तिच्या दोन मैत्रिणींच्या नक्की. ती पुढच्या रांगेत बसत असेल तर गिटार वाजवणाऱ्याच्याही. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, लक्षात येईपर्यंत तीन महिने उलटतात, आणि तोवर तिला न येण्याची सवय लागलेली असते. लहान गट सुरू करायचं माझ्या मते कारण हेच. खोलीत एकदा नजर फिरवली की आज कोण नाही ते न मोजता कळावं. गट केवढा असावा, प्रमुख कोण असावा, खुर्च्या कशा मांडाव्यात, फोन कधी करावा, हे सगळं मी याच कसोटीवर घासून बघतो.

कल्पना जुनीच आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो हे बघतो आणि म्हणतो, अशानं तूही झिजशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम, असा सल्ला देतो. सगळ्यात खालची पायरी दहाची. 1742 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला, मेथॉडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या मंडळीवर (चर्चवर) इमारतीचं कर्ज होतं. दर आठवड्याला माणशी एक पेनी जमवायची म्हणून साधारण बाराजणांमागे एकेक माणूस नेमला. तो पैशांसाठी घरोघर जायला लागला, तेव्हा कुणाच्या घरात काय बिनसलंय तेही कळायला लागलं. वर्गणीच्या या सोयीतूनच मेथॉडिस्टांची ‘क्लास मीटिंग’, म्हणजे लहान गटांची पद्धत, उभी राहिली.

आता आकडा. पाचजणांच्या गटात दोघादोघांच्या 10 जोड्या होतात, आठजणांच्या गटात 28, बाराजणांच्या गटात 66. कुणाचं कुणाशी पटतं, कोण कुणाला टाळतं, कालपरवा कुणाचं कुणाशी वाजलं, हे 28 जोड्यांपर्यंत प्रमुखाच्या डोक्यात राहतं. 66 जोड्यांच्या बाबतीत तो नाद सोडून द्यावा लागतो. म्हणून दर बैठकीच्या हजेरीत सहा ते आठ मुलं बरी. कुणी ना कुणी गैरहजर असणारच, तेव्हा यादीत आठ-दहा नावं धरावीत. चारच्या खाली गेलं की प्रत्येकावर बोलण्याचं ओझं येतं आणि लाजरी मुलं दुसऱ्या आठवड्यापासून दांडी मारतात. दहाच्या वर गेलं की तिघं बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. म्हणजे छोटी उपासना झाली, गट नाही.

गट किती, हे प्रमुख ठरवतात

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रविवारी घोषणा होते, चाळीस मुलं आहेत म्हणून पाच गट पाडले जातात, आणि मग पाच प्रमुखांची शोधाशोध सुरू होते. तीन बरे मिळतात, दोघांना गळ घालून उभं केलं जातं. त्या दोघांचे गट दीड महिन्यात बंद पडतात. त्यातली मुलं पुन्हा कुठल्याच गटात यायला तयार होत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ‘लहान गट’ म्हणजे काय ते त्यांनी बघितलेलं असतं.

उलट्या बाजूनं मोजा. प्रत्येक गटाला दोन मोठी माणसं लागतात, एक प्रमुख आणि एक सहप्रमुख. तयार माणसं सहा असतील तर गट तीन. बाकीची मुलं सध्या तरुण संघातच राहू द्या, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. दोघं का लागतात, याची दोन कारणं. एक सुरक्षिततेचं, त्यावर पुढे लिहितो. दुसरं साधं: प्रमुख बोलत असताना मुलांचे चेहरे बघायला कुणीतरी मोकळं हवं.

माणसं निवडताना गाणाऱ्याकडे, बोलघेवड्याकडे आपोआप लक्ष जातं. त्याऐवजी सभा संपल्यावर कोण रेंगाळतं ते बघा. खुर्च्या उचलता उचलता एखाद्या नवख्या मुलाशी बोलत उभा असलेला माणूस मला उत्तम वक्त्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. चांगल्या वक्त्याला गट देणं तर जोखमीचंच असतं. त्याला शांतता सहन होत नाही आणि ती तो संदेशानं भरून काढतो. प्रमुख मंडळीत निदान सहा महिने नियमित येणारा असावा, त्याच्याबद्दल पाळक आणि आणखी एक ओळखीचं माणूस लेखी खात्री देणारं असावं, आणि मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी कायद्यानं जी तपासणी ठरवली असेल ती झालेली असावी. ‘आपलाच आहे, त्याला काय विचारायचं’ हे वाक्य ऐकू आलं की आवर्जून विचारावं.

होकार घेताना नेमकं काय मागतोय ते सांगून टाका. आठवड्याला तीन तास: दीड तास बैठक, एक तास तयारी, अर्धा तास फोन. आठ आठवडे, अमुक तारखेपर्यंत. शेवटची तारीख सांगितली की चांगली माणसं हो म्हणतात. ‘बघू, चालेल तोवर’ म्हटलं की तीच माणसं काढता पाय घेतात.

प्रशिक्षण म्हणून एक दिवसाचं शिबिर घेण्यापेक्षा नमुना गट चालवा. भावी प्रमुखांनीच सहा आठवडे एका गटात सभासद म्हणून बसायचं. जो गट पुढे चालवायचा, अगदी तसाच. पहिले तीन आठवडे अनुभवी माणूस चालवेल, नंतरचे तीन त्यांच्यातले आळीपाळीनं. बैठक संपल्यावर वीस मिनिटं फक्त एवढंच बोलायचं: कुठे अडलं, कोण गप्प राहिलं, का. आपल्यालाच कुणी चारचौघांत खाजगी प्रश्न विचारला की पोटात कसा गोळा येतो, हे इथे कळतं. ते वाचून कळत नाही. निवड, नमुना गट आणि पालकांशी बोलणं धरून पहिल्या बैठकीआधी साधारण तीन महिने हातात हवेत.

मुलं कशी वाटायची

तेरा ते पंधरा एकीकडे, सोळा ते अठरा दुसरीकडे, कॉलेजातली आणि नोकरीला लागलेली तिसरीकडे. तेराचा मुलगा आणि सतराचा मुलगा एकत्र बसवले तर सतराचा दादागिरी करतो किंवा कंटाळतो, आणि तेराचा त्याच्याकडे बघून उत्तरं देतो. धाकट्या वयात मुलगे आणि मुली वेगळे ठेवावेत. शरीराबद्दल, भीतीबद्दल ती एकमेकांपुढे तोंड उघडत नाहीत. मोठ्यांचे गट मिश्र चालतात, मात्र प्रमुखांत एक पुरुष आणि एक स्त्री हवी.

गट पाडण्याआधी प्रत्येकाला चिठ्ठी द्या: गटात कोण असेल तर तुला बरं वाटेल, दोन नावं लिही. दोघांपैकी एक तरी मिळेल असं जमवायचं. दोन्ही दिली तर गटात गट तयार होतो, एकही दिलं नाही तर मूल दुसऱ्या आठवड्याला येत नाही. या चिठ्ठ्यांमधून आणखी एक गोष्ट हाती लागते. काही मुलांचं नाव कुणीच लिहिलेलं नसतं. ती नावं आधी बाजूला काढा आणि सगळ्यात प्रेमळ प्रमुखाच्या गटात टाका. चिठ्ठ्या मात्र वाचून झाल्या की फाडून टाका, टेबलावर विसरू नका.

सख्खी भावंडं वेगळ्या गटांत. पाळकांची मुलं आई-वडिलांच्या गटात नकोत. त्या मुलांना सगळीकडे पाळकांची मुलं म्हणूनच राहावं लागतं, एक तासभर तरी सुटका असू द्या.

खोली आणि घड्याळ

खुर्च्या गोलात, मधे टेबल नाही, मागे दुसरी रांग नाही. जास्तीच्या खुर्च्या खोलीबाहेर न्या. त्या असल्या की उशिरा येणारा हमखास मागे बसतो. प्रमुखानं फळ्यापाशी बसू नये, नाहीतर गोलाचा लगेच वर्ग होतो. सहप्रमुखानं प्रमुखाच्या समोर बसायचं आणि सगळ्यात बडबड्या मुलाला प्रमुखानं आपल्या शेजारी घ्यायचं. नजरानजर झाली नाही की त्याचं बोलणं आपोआप कमी होतं. सगळ्यात अबोल मूल प्रमुखाच्या समोर पडेल असं बघा. एकाच हॉलमध्ये दोन गट बसवायची वेळ आली तर विरुद्ध कोपरे धरा. शेजारच्या गटात हशा पिकला की आपल्या गटातली रडवेली मुलगी बोलायची थांबते.

दीड तासाची बैठक अशी बसते: जमायला आणि गप्पांना पंधरा मिनिटं, सुरुवातीचा हलका प्रश्न दहा, वचन (बायबलमधला उतारा) चाळीस, प्रार्थना वीस, निरोप पाच. धाकट्यांना तासभर पुरे. यात गाणी नाहीत, हे काहींना खटकेल. गाणी मोठ्या सभेत होतात. गटात एक गाणं म्हणता म्हणता तीन होतात, आणि वेळ कापला जातो तो नेहमी प्रार्थनेचा. सुरुवातीचा प्रश्न असा हवा की ज्याला चुकीचं उत्तरच नाही आणि तीस सेकंदांत उत्तर देता येईल. ‘या आठवड्यात कशाचा वैताग आला?’ चालतो. ‘देव तुझ्यासाठी कोण आहे?’ हा सुरुवातीचा प्रश्न नव्हे.

प्रश्न कसा विचारायचा

संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या बायबल वर्गात, वाढलेल्या मुलांना एक गुपित ठाऊक असतं: कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ‘येशू’, ‘प्रार्थना’ किंवा ‘बायबल वाचलं पाहिजे’ यांपैकी एक असतं. ही तिन्ही उत्तरं कामाला येणार नाहीत असे प्रश्न तयार करणं, हीच प्रमुखाची एका तासाची तयारी.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती माणूस घेऊ, वचनं 1 ते 12. ‘या उताऱ्यातून विश्वासाबद्दल काय शिकायला मिळतं?’ असं विचारलं की गोल गप्प होतो आणि मग एकजण पाठ केलेलं उत्तर देतो. त्याऐवजी उतारा एकदा मोठ्यानं वाचा, एकदा मनात, आणि विचारा: या गोष्टीत कोण एक शब्दही बोलत नाही? मुलं परत पानात डोकं घालतात. येशू बोलतो. शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, मनातल्या मनात बोलतात. शेवटी लोक बोलतात. ज्याला खाटेवर आणलं तो आणि आणणारे चौघं, हे पाचजण शेवटपर्यंत काही बोलल्याचं लिहिलेलंच नाही. इथे कुणीतरी ‘अरे हो!’ म्हणतं, आणि गट सुरू होतो. दुसरा प्रश्न: पाचव्या वचनात येशूनं कुणाचा विश्वास पाहिला? ‘त्यांचा’ असं लिहिलंय, ‘त्याचा’ नाही. एका अनुस्वारावर दहा मिनिटं वाद चालतो, आणि तो चालू द्यावा. मग चौथं वचन: त्याला येशूपर्यंत पोचू कुणी दिलं नाही? गर्दीनं. येशूला ऐकायला आलेल्या गर्दीनंच. इथे प्रमुखानं भाष्य करू नये, मुलं स्वतःच तरुण संघाकडे वळतात.

शेवटचा प्रश्न घरचा: तुला खाटेवरून न्यायची वेळ आली तर चार कोपरे कोण धरेल? हा कागदावर लिहायला द्या आणि कागद ज्याचा त्याच्याकडे राहू द्या. एखाद्याला चार नावं सुचणार नाहीत. ते सगळ्यांसमोर उघडं पडायला नको. मूल लिहायचं थांबून नुसतं पेन फिरवत बसलं, तर त्या आठवड्यातला पहिला फोन त्याला.

प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजा, सावकाश. नवे प्रमुख तीनपर्यंत जातात आणि स्वतःच उत्तर देतात. दोन बैठका असं झालं की मुलांना कळतं, आपण थांबलो की हे बोलणारच, आणि मग ती खरंच थांबतात. दहा झाले तरी शांतता असेल तर प्रश्न अवघड आहे. तो सोपा करून विचारा, उत्तर देऊ नका. बडबड्याला ‘थांब’ म्हणण्यापेक्षा ‘हा मुद्दा धरून ठेव, आधी ज्यांचं आज ऐकलं नाही त्यांचं ऐकू’ असं म्हणता येतं. अबोल मुलाचं नाव घेऊन अचानक प्रश्न टाकू नये. त्याला वाचायला सांगा, पण तेही आधी हळूच विचारून. काही मुलांना वाचताना अडखळायला होतं आणि ती तेवढ्यासाठी गट सोडतात.

प्रार्थनाविषय आणि गुपितं

प्रार्थनेची वीस मिनिटं कशी जातात ते ठरलेलं आहे. आत्याच्या शेजारणीचं ऑपरेशन, भावाच्या मित्राची नोकरी, देशाचे नेते. सगळं खरं, पण बोलणारा स्वतः कुठेच नाही. पहिल्या दिवशी साधा नियम घाला: विषय स्वतःचा हवा, एका वाक्यात. प्रमुखानं आधी स्वतःचा सांगायचा, खरा पण मुलांवर ओझं होणार नाही असा. वहीत फक्त आद्याक्षर आणि दोन शब्द लिहा, आणि पुढच्या बैठकीत विचारा: ‘त्याचं काय झालं?’ गट टिकवणारं याहून मोठं काही मला माहीत नाही.

गटात ऐकलेलं गटाबाहेर जाणार नाही, हे सगळे कबूल करतात. पण मंडळीत गोष्टी फुटतात त्या वैरानं नव्हे, ‘फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं’ असं म्हणून. म्हणून पहिल्याच दिवशी मुलांना हे वाक्यच उदाहरण म्हणून द्या. त्याच दिवशी अपवादही सांगायचे: कुणी स्वतःला इजा करून घेत असेल, कुणी त्याला इजा करत असेल, किंवा तो दुसऱ्याला करणार असेल, तर ते आम्ही गुपित ठेवणार नाही, मदत करू शकेल अशा माणसाला सांगू. ‘कुणाला सांगणार नाही असं वचन द्या, मग सांगतो’ असं मूल म्हणालं तर वचन द्यायचं नाही. ‘ते वचन मी देऊ शकत नाही, पण तुला न सांगता काही करणार नाही’ असं म्हणावं. मूल बहुतेक वेळा तरीही सांगतं. सांगितलं की खोदून चौकशी करू नका, शंका घेऊ नका. त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मंडळीनं ठरवलेल्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. कायदा पोलिसांना कळवायला सांगत असेल तर मंडळीनं तिथेही जायचं. घरातल्या घरात मिटवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्याची किंमत मूल भरतं. आरोप खुद्द जबाबदार व्यक्तीवर असेल तर कुणाकडे जायचं, ते दुसरं नावही आधीच ठरलेलं हवं.

सुरक्षिततेचे नियम छोटे आहेत. खोलीत दोन मोठी माणसं, दार उघडं किंवा काचेचं. एकट्या मुलाला गाडीतून सोडणं नाही. कुणाशी बाजूला बोलायचं तर सगळ्यांच्या नजरेसमोर. निरोप गटाच्या ग्रुपवर, ज्यात दोन्ही प्रमुख आहेत. रात्री उशिरा एकट्या मुलाशी चॅट नाही. पालकांना हे नियम आधीच एका पानावर द्या. त्याच पानावर दिवस, वेळ, जागा आणि प्रमुखांचे फोन नंबर.

आठ आठवडे

पहिल्या फेरीला बायबलमधलं फिलिप्पैकरांचं पत्र सोयीचं पडतं. चार अध्याय, आठ बैठका, दर बैठकीला अर्धा अध्याय. गोष्टी आवडणारी मुलं असतील तर मार्कमधले आठ प्रसंग. प्रकटीकरणानं, म्हणजे बायबलच्या शेवटच्या अवघड पुस्तकानं, सुरुवात करा असा हट्ट कुणीतरी धरेलच. तो पुढच्या वर्षावर ढकला.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हजेरी पडते. नवेपण संपलेलं असतं आणि ओळख अजून पक्की झालेली नसते. घाबरून खेळ, सहल, बक्षिसं सुरू करू नका. फोन करा. गैरहजर मुलाला दोन दिवसांच्या आत, पाच मिनिटं. आठवड्यानंतर केलेला फोन हजेरी घेतल्यासारखा वाटतो. ‘का नाही आलास?’ नको. ‘काल तुझी खुर्ची रिकामी होती’ म्हणा आणि थांबा. न येण्याचं कारण तो स्वतःच सांगतो. परीक्षेच्या आठवड्यांत बैठक ठेवूच नका. दोन आठवडे सुट्टी जाहीर करा आणि पेपरच्या आदल्या दिवशी ग्रुपवर एका ओळीची प्रार्थना टाका.

प्रमुखांची बैठक पंधरवड्यातून एकदा, पाऊण तास. अहवाल वाचत बसू नका. प्रत्येकानं आपल्या गटातली नावं वही न बघता सांगायची, आणि प्रत्येक नावापुढे या पंधरवड्यात कळलेली एक गोष्ट. जिथे प्रमुख अडखळतो, ते मूल निसटायला लागलेलं असतं.

आठ आठवडे झाले की थांबा, खरोखर थांबा. मुलांना चिठ्ठीवर विचारा, पुढच्या फेरीला यायचंय का, याच गटात का. प्रमुखांनाही विचारा, आणि नको म्हणणाऱ्याला मनवत बसू नका. गट दहाच्या वर गेला असेल तर तोडू नका. सहप्रमुख आणि त्याच्याशी जुळलेली तीन मुलं मिळून नवा गट सुरू करतील असं बघा, आणि हे जुन्या गटाला महिनाभर आधी सांगा. तिघांवर आलेला गट ओढत नेऊ नका. शेवटच्या बैठकीत त्या तिघांना विचारून त्यांना एकत्रच दुसऱ्या गटात पाठवा, आणि तिथे पहिल्या दिवशी सहप्रमुखानं त्यांच्यासोबत जाऊन बसावं.